दाराबाहेरची पिशवी

फोन आला तेव्हा महेंद्र रोकडे दाढी करत होता. उजवा गाल झाला होता, डावा राहिला होता, आणि तो तसाच राहिला. नौपाड्यातून गाडी काढली, मुंब्रा बायपासला दोन कंटेनरवाल्यांशी भांडला, शीळफाट्याला हॉर्न वाजवून वाजवून एका रिक्षावाल्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि पावणेदहाला कल्याण रोडवरच्या ‘सोबती निवास’च्या फाटकात गाडी वाकडी लावून तो जिन्याकडे धावला. लिफ्ट होती. म्हाताऱ्या माणसांसाठी ती मुद्दाम मोठी केलेली होती. पण घाबरलेला रोकडे लिफ्टची वाट बघत नाही, त्याच्या बापानेही कधी कशाची वाट बघितली नव्हती.

त्याची बायको आसावरी मागून तपकिरी सुटकेस घेऊन आली. सुटकेस रिकामी होती. घरातून निघताना नवऱ्याने ती माळ्यावरून खाली ओढली, तेव्हाच आज काय होणार हे आसावरीला कळलं होतं. गाडीत ती एक शब्द बोलली नव्हती.

दुसऱ्या मजल्यावर आपल्या खोलीत शेवंतीबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या. हातात चहाचा कप. शहात्तर वर्षांचं वय, कल्याणच्या प्रसूतिगृहात एकतीस वर्षं आया म्हणून काढलेली, अंगावर धुवट पांढरं पातळ. चेहरा तेवढा उतरला होता. शेजारच्या खोलीतल्या जाईबाई खुर्चीत पाय वर घेऊन बसल्या होत्या, आणि दाराशी इथली मदतनीस सगुणा हाताची घडी घालून उभी होती.

“आई!”

“आलास? अरे, तुझी अर्धी दाढी कुठे गेली?”

“आई, मस्करी नको. काय झालं?”

“साखर उतरली होती. आता चढली. डॉक्टर बघून गेले, गोळी बदलली. आजचा दिवस आणि रात्र कुणीतरी सोबत असावं म्हणाले, बाकी काही नाही. बस.”

महेंद्र बसला नाही. तो सगुणाकडे वळला. “बेचाळीस! शुगर बेचाळीस होती असं फोनवर सांगितलंत. माणूस जातं हो अशाने. आणि तुम्हाला साडेसातपर्यंत पत्ता नाही?”

इथला नियम महेंद्रला तोंडपाठ होता. सोबती निवासात प्रत्येकाची खोली वेगळी, ओटा वेगळा, कडी आपली आपली. स्वयंपाक, आंघोळ, येणंजाणं ज्याचं त्याने बघायचं. न्हाणीघरात धरायला दांडे, पलंगाशी ओढायला लाल दोरी, खाली दवाखाना. आणि रात्री दाराबाहेरच्या खुंटीवर कापडी पिशवी अडकवायची. पहाटे भैया त्यात दूध ठेवून जातो. सातच्या आत ज्याची त्याने पिशवी आत घ्यायची. सात वाजता सगुणा मजले फिरते. पिशवी आत असली की माणूस उठलं, बरं आहे. बाहेर दिसली की बेल, आणि बेलला उत्तर आलं नाही की आतली कडीही बाहेरून उघडणारी सगुणाजवळची किल्ली.

“पिशवी आत होती, साहेब,” सगुणा म्हणाली. “मी स्वतः बघितली. म्हणजे, खुंटीवर नव्हती ती.”

“म्हणजे आई उठली, दूध आत घेतलं, परत येऊन पलंगावर पडली, आणि दोरीसुद्धा ओढू शकली नाही. आणि तुम्ही बाहेरून खुंटी बघून पुढे गेलात! या तुमच्या व्यवस्थेचं कौतुक ऐकून मी आईला इथे ठेवलं. मी ट्रस्टला लिहिणार आहे. तुमच्या नावानिशी.”

सगुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, नुसती खाली बघत राहिली.

जाईबाईंनी पाय खाली घेतले. त्या दिवा स्टेशनाकडच्या गावातल्या, तीन एकर शेत आणि दोन सुना मागे ठेवून इथे आलेल्या, आणि कुणाची भीडभाड न ठेवणाऱ्या. “तिला कशाला बोलतंस रं? तिनंच तुज्या आयच्या गालान मध लावला, तिनंच डॉक्टरला आनला. मी बोलावली तशी पलत आयली ती.”

“तुम्ही बोलावलंत?”

“मंग? रोज सकाली तुजी आय दूध घेते नि लाटन्यानं भिंतीवर दोन ठोकं मारते. मी हिकरून दोन मारते. मंग दोघी चा ठेवतो. आज सात वाजलं, सवासात वाजलं, ठोका नाय. मी सगुणाला बोलली, चल. ती बोलली, मावशी, पिशवी आत हाय. मी बोलली, मना पिशवीचं सांगू नको, लाटनं वाजलं नाय.”

या बाईचे आभार मानायचे आहेत हे महेंद्रला समजत होतं, पण राग आधी बाहेर पडायला बघत होता. फेब्रुवारीत वडिलांच्या, दौलतरावांच्या, वर्षाच्या पुण्यानुमोदनाला जगनकाका सगळ्या भावकीदेखत म्हणाले होते, “माझ्या भावाने कोळसेवाडीच्या एका खोलीत सात माणसं सांभाळली. तुझ्या तीन खोल्यांत एक आई मावली नाही का रे?” तेव्हापासून महेंद्रच्या घशात ते वाक्य अडकून होतं. आईने हट्ट धरला म्हणून त्याने सहा महिने बघू म्हटलं होतं. चार झाले होते.

“आता बास,” तो म्हणाला. “आई, आजच निघायचं. आसावरी, कपडे भर.”

नेमकी त्याच वेळी त्याची धाकटी बहीण दीप्ती दारात आली. ती शिकवायची त्या डोंबिवलीच्या शाळेतून, मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिकाबाईंना सांगून, रिक्षा करून आली होती. पाठीला घामाने ब्लाउज चिकटला होता आणि बोटांना अजून खडू होता. आईला बसलेली बघून तिने दाराची चौकट धरली.

“बरी आहेस ना?”

“बरी आहे गं. ये.”

“बरी आहे म्हणे,” महेंद्र म्हणाला. “तूच भांडली होतीस ना माझ्याशी, आईला तिच्या मनासारखं राहू दे म्हणून? ऐक आता. आईने दूध आत घेतलं आणि नंतर ती बेशुद्ध पडली. आणि पिशवी आत आहे म्हणून या बाई दारावरून निघून गेल्या. काय व्यवस्था, वा!”

दीप्ती चौकट सोडायला विसरली.

काल संध्याकाळी ती शाळेतून परस्पर इथे आली होती. मायलेकींनी बोंबलाचं कालवण केलं, आणि मग गप्पांत इतक्या रमल्या की शेवंतीबाई जेमतेम दोन घास जेवल्या, डायबेटीसची गोळी मात्र घड्याळ लावल्यासारखी घेतली. उशीर झाला म्हणून दीप्ती राहिली. नवऱ्याखेरीज कुणाला कळवलं नव्हतं. पहाटे तिला जाग आली, दार उघडलं तर पिशवीत दूध. आई गाढ झोपलेली. कशाला तिला वाकायला लावायचं, म्हणून दीप्तीने पिशवी आत घेतली, दूध तापवलं, झाकलं, दार ओढून घेतलं आणि सहाला शाळेसाठी निघाली. सगुणा पावणेसातला येते. रात्रीचा वॉचमन एव्हाना घरी जाऊन झोपला असेल. दीप्ती इथे होती हे या खोलीत आता फक्त दोघींना माहीत होतं, आणि त्यातली एक पलंगावर बसून चहाचा शेवटचा घोट घेत होती.

बोल, दीप्तीने स्वतःला बजावलं. पण दादाचा चेहरा बघून तिची जीभ उचलेना. आईला इथे आणण्यासाठी तिने दादाला नको नको ते ऐकवलं होतं. ‘तुला आई नको, शोभेची बाहुली हवी,’ असंसुद्धा. आणि आज तिच्याच हातून आई जाता जाता राहिली. हे त्याच्यासमोर कसं उच्चारायचं?

“दादा म्हणतो ते बरोबर असेल कदाचित,” ती पुटपुटली. स्वतःचा आवाज तिला दुसऱ्याच कुणाचा वाटला.

आसावरीने मान वर करून नणंदेकडे बघितलं. आज ही भावाच्या बाजूला कशी, हे तिला उमगेना. खरं तर सोबती निवासाच्या माहितीचा कागद पहिल्यांदा घरात आणला तो आसावरीने. पण ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कागद नुसता सासूच्या उशीखाली ठेवला होता. सुनेने अशा गोष्टीत तोंड उघडलं की त्याचा एकच अर्थ निघतो, आणि तो निघाला की जन्मभर पुरतो. म्हणून सासू ठाण्याला होती ते सहा महिने ती गप्प होती, नंतर चार महिने गप्प होती, आणि आता कपाट उघडून सासूची पातळं घडी मोडू न देता सुटकेसमध्ये रचत होती. कपाटात डांबराच्या गोळ्यांचा वास होता आणि पातळांना निळीचा. ठाण्याला असताना या पातळांना असा वास कधी येत नव्हता. तिथे ती मशीनमध्ये जात, आणि शेवंतीबाई सोफ्यावर बसून मशीनकडे बघत.

“चल, येते मी,” शेवंतीबाई अचानक म्हणाल्या.

सगळे थबकले. महेंद्रसुद्धा. तो भांडायच्या तयारीने आला होता.

“येते म्हणजे येते. तू म्हणतोस तेच खरं. मीच घेतलं असेल दूध, आता आठवत नाही मला. या वयात कुठे आठवतं? सगुणाला मात्र काही बोलू नकोस, तिची चूक नाही. दीप्ती, इकडे ये. ओट्यावर दूध आहे, ते जाईबाईंना देऊन टाक. वाया नको जायला.”

दीप्ती ओट्याशी गेली. पातेल्यावर तिनेच ठेवलेली ताटली होती, वाफ जायला बाजूला बोटभर फट ठेवून. ओटा स्वच्छ होता. शेगडीवर डाग नव्हता.

शेवंतीबाईंचं दूध आजवर कधी उतू गेल्याशिवाय तापलं नव्हतं. कोळसेवाडीच्या खोलीत स्टोव्हवर उतू जायचं, ठाण्याला गॅसवर उतू गेलं म्हणून महेंद्रने आईला गॅसला हात लावू द्यायचं बंद केलं होतं, आणि इथे रोज सकाळी उतू जात होतं. त्यावरून दौलतराव बायकोला चिडवायचे, पोरं चिडवायची, नातवंडं चिडवायची. दीप्तीने वळून आईकडे बघितलं. आई तिच्याकडेच बघत होती, आणि हळूच तिने नाही अशी मान हलवली. बोलू नकोस.

म्हणजे आईला पहिल्यापासून ठाऊक होतं. शुद्धीवर आल्यावर तिने ओटा बघितला असणार, आणि तेव्हाच सगळं समजली असणार. लेकीला भावाने बोलू नये म्हणून ही बाई आपलं घर सोडायला निघाली होती. मीच विसरले, मीच म्हातारी झाले, असं सगळ्यांसमोर म्हणत होती.

“दादा,” ती म्हणाली, “पिशवी मी आत घेतली.”

“काय?”

“मी रात्री इथेच होते. पहाटे दूध आलं, आई झोपलेली. म्हटलं, झोपू दे. तापवलं आणि गेले शाळेत. आई उठलीच नव्हती, दादा. ती झोपली आहे असं मला वाटलं, आणि तिची साखर तेव्हाच उतरायला लागली असेल.”

“तुला नियम माहीत नव्हता?”

“होता रे! सगळा माहीत होता. पण त्या वेळी सुचलंच नाही. दूध दिसलं, उचललं. आईचं काम हलकं करायला गेले.” ती रडायला लागली. “पिशवी बाहेर असती तर सगुणाताईंनी सातला दार उघडलं असतं. त्यांचं काही चुकलं नाही. मला बोल काय बोलायचं ते.”

महेंद्रने अर्ध्या दाढीवरून हात फिरवला. कुणाला बोलायचं ते एवढ्या पटकन बदललं होतं की त्याच्या रागाला बसायला जागाच उरली नाही. आणि खरं सांगायचं तर, त्याला स्वतःचाच हात दिसला. दीप्तीच्या जागी तो असता तर त्यानेही पिशवी आत घेतली असती, वर आईला दूध गाळून कपात दिलं असतं.

तो सगुणासमोर गेला. “सगुणाताई, मी वाटेल ते बोललो. माझी चूक झाली. माफ करा.”

“असू द्या साहेब. आईचं बघून माणूस घाबरतंच.”

“आणि लिहिणार आहे मी ट्रस्टला. तुम्ही काय केलंत ते लिहिणार आहे, सगळं.” मग तो जाईबाईंकडे वळला आणि काही न बोलता वाकला. जाईबाईंनी पाय चटकन मागे घेतले.

“आदी दाढी पुरी कर रं बाबा, मंग पाया पड!”

शेवंतीबाई हसल्या, आणि त्यांच्या हसण्याने दीप्तीला पुन्हा रडू फुटलं. आईने तिला पलंगावर ओढून घेतलं आणि पदराने तिचं नाक पुसलं, पन्नाशीच्या बाईचं.

“वेडी कुठची. तुला वाटलं मी बोलेन तुला?”

“तू जायला निघालीस, आई! माझ्यासाठी!”

“मग तुझ्यासाठी नाही तर कुणासाठी?”

महेंद्र सुटकेसकडे बघत उभा होता. “तरीपण,” तो म्हणाला, आवाज आता खाली आला होता, “तरीपण आई, भीती वाटते गं. पुढच्या वेळी लाटणं ऐकायला कुणी नसलं तर?”

“मला विचारायचंय काहीतरी,” आसावरी म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. तिच्या हातात घडी केलेलं पातळ होतं.

“आईंना कुणी विचारलंय का, त्यांना कुठे राहायचंय? मी नाही विचारलं कधी. सून आहे, विचारलं असतं तर हाकलायला निघाली म्हणाले असते सगळे. म्हणून तो कागद नुसता उशीखाली ठेवला. पण ठाण्याला सहा महिने मी घरात होते, तुम्ही ऑफिसात होतात. आपण आईंना सगळं दिलं. गॅस पेटवू दिला नाही, भाजी चिरू दिली नाही, खाली एकटं जाऊ दिलं नाही. त्या दुपारी तीनला विचारायच्या, आसावरी, आता जेवायची वेळ झाली का? जेवण झालेलं असायचं. मला वाटलं, विसरायला लागल्या. इथे आल्या आणि एक गोष्ट विसरत नाहीत.” तिने पातळ पुन्हा कपाटात ठेवलं. “आई, तुम्ही सांगा. कुणाच्या तोंडाकडे बघू नका.”

शेवंतीबाईंनी आधी सुनेकडे बघितलं. उशीखाली कागद कुणी ठेवला हे त्यांना आज कळलं होतं. किती तरी वेळ त्या तिच्याकडेच बघत राहिल्या, आणि त्या बघण्यात जे होतं ते आसावरीला पोहोचलं, कारण तिचे कान लाल झाले.

“मला इथे राहायचंय, महेंद्र,” त्या म्हणाल्या. “ठाण्याला मला कमी काही नव्हतं. तुम्ही तळहातावर ठेवलंत, तुमचे उपकार मी मानते बाळा, खरंच मानते. पण सकाळी डोळे उघडले की कशासाठी उठायचं तेच समजायचं नाही. इथे दूध घ्यायला उठते. मी ठोका मारला नाही तर एक बाई चहा ठेवत नाही. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांच्या बायकांचं केलं, तुमचं केलं, तुझ्या बापाचं शेवटपर्यंत केलं. आता माझं मला करू दे, जमेल तेवढं. नाही जमलं की मीच सांगेन. लपवणार नाही. आज लपवलं तेवढंच.”

महेंद्र खुर्चीत बसला. जगनकाकांचं वाक्य घशात अजून होतंच. पण समोर आई होती, जिवंत, निळीच्या वासाच्या पातळात, आणि तिला जिवंत ठेवलं होतं ते कुणाच्या तीन खोल्यांनी नव्हे. एका बाईच्या लाटण्याने आणि दुसरीच्या किल्लीने. त्याला इतकं भरून आलं की त्याने मान खाली घातली.

“आज रात्री मी राहतो,” तो म्हणाला. “डॉक्टरांनी सांगितलंय ना.”

“राहा की. पण काही करायचं नाही.”

“नाही करणार.”

“दूध आत घ्यायचं नाही.”

“नाही गं, आई!”

आसावरी आणि दीप्ती दुपारी त्याच गाडीतून निघाल्या. सुटकेस मागच्या सीटवर रिकामीच होती. डोंबिवलीपर्यंत दोघी एकमेकींशी काय बोलल्या ते कुणाला कळलं नाही, पण रविवारी दीप्तीने वहिनीला फोन केला, आणि तोही कामाशिवाय. असं गेल्या बारा वर्षांत झालं नव्हतं.

सकाळी महेंद्र जमिनीवरच्या गादीवर जागा होता. बाहेर भैयाची सायकल येऊन गेली. उजाडत होतं. पलंग कुरकुरला. आई उठून बसली, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे मिनिटभर तशीच बसून राहिली, मग तिने पाय खाली सोडले. भिंतीच्या दांड्याला धरून ती दाराकडे निघाली. तिचं एकेक पाऊल त्याला ऐकू येत होतं. कडी निघाली. पिशवीचा बंद खुंटीत अडकला असावा, कारण ती ओढत होती आणि तो निघत नव्हता. एकदा ओढलं. दोनदा. महेंद्रचे हात आपोआप चादरीबाहेर आले. त्याने ते परत आत घेतले आणि चादर मुठीत घट्ट धरली. आयुष्यात आईसाठी त्याने बरंच काही केलं होतं. स्वस्थ पडून राहणं त्याला या सगळ्यापेक्षा जड गेलं.

बंद निघाला. दार लागलं. पातेलं शेगडीवर चढलं, काडी ओढल्याचा आवाज आला. मग फळीवरून लाटणं निघालं आणि भिंतीवर दोन ठोके पडले.

पलीकडे शांतता होती.

दोन ठोके आले. आणि वर एक जास्तीचा, बहुधा कालच्या दिवसाचा. शेवंतीबाई भिंतीकडे बघून हसल्या, तिथेच उभ्या राहून त्यांनी जाईबाईंना काहीतरी ओरडून सांगितलं, पलीकडून काहीतरी ओरडून उत्तर आलं, आणि तेवढ्यात शेगडीवर चर्रर्र झालं.

“आई, दूध उतू गेलं,” महेंद्र चादरीतूनच म्हणाला. त्याचा आवाज भिजला होता.

“जाऊ दे,” शेवंतीबाई म्हणाल्या. “ओटा माझा आहे. मी पुसते.”